पुस्तकावर आधारित पार्टी: मुलांनाच आखू द्या

ग्रंथालयातील किशोरवयीनांच्या पुस्तक-पार्टीत सजावट आणि वेशभूषा स्पर्धेवर भर द्यावा, या सूचनेत थोडी भर घालावीशी वाटते. या वयातील अनेक मुलांना सर्वांसमोर वेश करून उभे राहणे अवघड जाते. त्यामुळे वेशभूषा ऐच्छिक ठेवावी आणि पुस्तक कोणते निवडायचे हे पाच-सहा मुलांच्या गटालाच ठरवू द्यावे, कारण मोठ्यांनी परस्पर आखलेला कार्यक्रम त्यांना लगेच ओळखू येतो.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो कपाटांमधला शोधखेळ. ड्यूई दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तके विषयवार क्रमांक देऊन लावण्याच्या ग्रंथालयीन पद्धतीत, लोकसाहित्य 398 या क्रमांकाखाली आणि खगोलशास्त्र 520 खाली येते; कथानकातील कोडे सोडवून असा क्रमांक मिळवायचा, त्या कपाटापाशी जायचे आणि तिथल्या पुस्तकात ठेवलेली पुढची चिठ्ठी शोधायची, अशी रचना केल्यास एरवी त्या दालनात न फिरकणारी मुलेही तिथे रमतात. मूळ पुस्तक न वाचलेल्यांनाही सोडवता येतील अशी काही कोडी मात्र आवर्जून ठेवावीत.

पुस्तकावरचा चित्रपट दाखवायचा असल्यास सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना आधीच तपासावा. घरी पाहण्यासाठी घेतलेली प्रत त्यासाठी सहसा चालत नाही.