‘एफ्टसून्स’: कवीची गरज की कवीची मिजास?

तळटीप: काल येथे कोणी लिहिले की, इंग्रज कवी कोलरिजच्या ‘एन्शंट मरिनर’ या कवितेत पाहुणा ‘सोड मला’ म्हणताच खलाशाचा हात गळून पडतो, त्या ओळीतले ‘एफ्टसून्स’ (‘लगेच’ या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द) हे निव्वळ पांडित्यप्रदर्शन असून तेथे साधे इंग्रजी ‘सून’ (soon) चालले असते. चालले नसते, ओळ एका अवयवाने (उच्चारखंडाने) तोकडी पडते, हे बोटांवर मोजूनही कळते.

बखरकार: ते लिहिणारा मीच. मोजायचेच असेल तर ‘ॲट वन्स’चेही दोनच अवयव आहेत. ‘एफ्टसून्स’ हा शब्द कोलरिजच्या आधीचा कवी स्पेन्सर याच्याकडेही आहे, आणि त्याच्या जुनाट भाषेला नाटककार बेन जॉन्सनने भाषा मानायलाच नकार दिला होता. ‘एन्शंट मरिनर’मधील जुन्या शब्दांमुळे आणि विचित्रपणामुळे वाचक पुढे वाचतच नाहीत, अशी तक्रार 1799मध्ये खुद्द कोलरिजचा कविमित्र वर्ड्‌स्वर्थने केली. मग रोष माझ्यावरच का?

शब्दवेडी: याच ओळीच्या अनुवादात मी महाविद्यालयात असताना ‘सवेंचि’ लिहिले, तर सरांनी ते तांबड्या शाईने खोडून ‘लगेच’ केले आणि दोन गुण कापले. ज्ञानेश्वरीतला शब्द उत्तरपत्रिकेत विटाळ कसा ठरतो, हे मला आजही समजलेले नाही.

बखरकार: सरांचे बरोबरच होते. ‘सवेंचि’ ऐकल्यावर कीर्तन आठवते, समुद्र नव्हे.

तळटीप: जुना शब्द आपला गाव बरोबर घेऊन येतो, हेच तर मी म्हणतो आहे! टॉमस पर्सीच्या 1765च्या संग्रहातील जुन्या इंग्रजी कथागीतांची चव ज्यांना लागली होती, त्यांना ‘एफ्टसून्स’मध्ये तीच चव लागणार. माझी आजी रोज ज्ञानेश्वरी मोठ्याने वाचत असे. ‘सवेंचि’चा अर्थ मला कोणी सांगितला नाही आणि माझे कधी अडलेही नाही.

बखरकार: आमच्या घरी पोथी नव्हती. मला तो शब्द कोशात शोधावा लागला, आणि तेव्हा वर्गात झालेले हसे मी विसरलेलो नाही. तुमचे अडले नाही, याचे श्रेय शब्दाचे नसून आजीचे आहे.

शब्दवेडी: म्हणून ज्यांच्या घरी पोथी होती, त्यांनीही तो शब्द विसरावा काय? आपले हसे झाले याचा सूड शब्दावर उगवू नये.

काठावरचा: आजीला क्षणभर विश्रांती देऊन छापील प्रती पाहाव्यात. कवितेच्या 1798च्या पहिल्या छपाईत वल्ह्यांचा आवाज ऐकू येतो, तेथे ‘एफ्टसून्स’ होता. पुढे कोलरिजने तो काढून ‘बट सून’ (पण लगेच) केले. उलट हात गळून पडण्याची ओळ त्या छपाईत नव्हतीच, ती नंतर आली. म्हणजे साधा शब्द त्याला ठाऊक होता, तरीही येथे त्याने जाणूनबुजून जुनाच निवडला.

बखरकार: म्हणजे वल्ह्यांपुरते कोलरिजने माझे ऐकले, हे काही थोडे नव्हे. दुसऱ्या ओळीपुरता तळटीपरावांचा हात मी सोडतो. पण ‘एफ्टसून्स’ नव्हे, सावकाश.