एकटा ट्रोल लगेच आडवा होतो, लढत अवघड कशी करायची?

कंदीलवाला
डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा भूमिकांचा खेळ) पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं. चार पात्रं, सगळी पाचव्या लेव्हलची: फायटर (योद्धा), रोग (चोर), विझर्ड (जादूगार), क्लेरिक (पुरोहित). गुहेच्या शेवटी ट्रोल हा राक्षस ठेवला, हिट पॉइंट (शून्य झाले की आडवा) ८४. दुसऱ्यांदा पाळी यायच्या आत मेला. हिट पॉइंट दुप्पट केले तर चालेल का?

वीसबाजू
नका करू. आधी पहिल्या राउंडचा (सगळ्यांची एकेक पाळी) हिशेब बघा. ट्रोलचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १५, फायटरला वीसबाजूच्या फाशावर +७, म्हणजे ६५ टक्के वार लागणार. अ‍ॅक्शन सर्ज (फायटरची जादा अॅक्शन) धरून चार वार, ग्रेटस्वोर्ड तलवारीचं सरासरी नुकसान ११, हुकणारे वगळून झाले २९. रोगचा स्नीक अ‍ॅटॅकसकट १२, विझर्डच्या फायरबॉल या आगीच्या स्पेलचे सेव्ह (स्पेलमधून निभावण्याचा फासा) जमेस धरून २३, क्लेरिकच्या गायडिंग बोल्ट स्पेलचे ९. एकूण ७३! शिवाय आगीमुळे त्याचं रीजनरेशनही (जखमा आपोआप भरणं) बंद.

१६८ केले तर लढत लांबेल, अवघड होणार नाही. ट्रोलचा विझ्डम सेव्ह -१ आहे. डीसी १५ चा (सेव्हला गाठायचा आकडा १५) हिप्नॉटिक पॅटर्न हा भुरळ घालणारा स्पेल टाकला की चारातल्या तीन वेळा तो जागच्या जागी थिजणार आणि सगळी पात्रं निवांत आपापल्या जागा घेणार. खरी अडचण पाळ्यांची आहे: पात्रांच्या चार, ट्रोलची एक.

सोबत दोन ओगर द्या (धिप्पाड राक्षस, प्रत्येकी ५९ हिट पॉइंट) आणि दोघांचं इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम ठरवणारा फासा) वेगळं टाका. ओगरांपैकी एक जण आपली अ‍ॅक्शन खर्चून ट्रोलला हलवून जागं करू शकतो. एवढ्यानेच तो स्पेल पूर्वीइतका निर्णायक राहत नाही.

कंदीलवाला
पण एक्सपीत (राक्षस मारल्याचे अनुभवगुण) मोजलं तर १८०० + ४५० + ४५० = २७००, तीन राक्षस म्हणून दुप्पट, ५४००. चौघांची डेडलीची (जीवघेण्या लढतीची) रेषा ४४००. जास्त होत नाही का?

नकाशाघर
ताजेतवाने असतील तर झेपेल. २०२४ च्या गाइडमध्ये (खेळ चालवणाऱ्याचं नियमपुस्तक) तो गुणक काढूनच टाकलाय, तिथे हेच २७०० मॉडरेटच्या (मध्यम लढतीच्या) ३००० मध्ये बसतात. आकड्यापेक्षा जागा महत्त्वाची. फायरबॉलची त्रिज्या २० फूट, तेव्हा दोन ओगरांमध्ये ४० फुटांहून जास्त अंतर ठेवा, म्हणजे नकाशावर नऊ-दहा घरं. एक ओगर कड्यावर उभा करून भाले फेकू द्या: ३० फुटांपर्यंत विनाअडचण, लागला की सरासरी ११. ३२ हिट पॉइंटांच्या विझर्डला मग आडोसा शोधावाच लागतो.

एक धोका मात्र नीट लक्षात ठेवा. ट्रोलचे हल्ले तीन. पहिल्यानेच कोणी शून्य हिट पॉइंटवर जाऊन बेशुद्ध पडलं आणि उरलेले दोन त्याच्यावरच पडले, तर काय होतं? बेशुद्ध पात्राला पाच फुटांतून लागलेला प्रत्येक फटका क्रिटिकल, म्हणजे दोन डेथ सेव्ह (मरणातून वाचण्याचे फासे, तीन चुकले की मृत्यू) चुकल्यासारखे. दोन फटके, पात्र संपलं, क्लेरिकला पाळीच मिळाली नाही. उरलेले हल्ले दुसऱ्याकडे वळवा. हल्ल्यांच्या मध्ये चालता येतं.

दिवाबत्ती
वरचं सगळं पटतं, पण ७३ हा आकडा आला कुठून तेही बघा. दिवसात एकच लढत असेल तर विझर्ड तिसऱ्या लेव्हलचे दोन्ही स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधी) तिथेच ओतणार. २०१४ चं गाइड लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या) आधी सहा ते आठ मध्यम-हार्ड लढती गृहीत धरतं. तेवढ्या कोणी बसवत नाही, मान्य, पण ट्रोलआधी दोन लहान लढती हव्यातच. गुहेच्या तोंडाशी सहा गोब्लिन विखरून ठेवा, लपत-छपत बाण मारणारे. त्यांच्यावर एक फायरबॉल गेला तर उत्तमच.

मध्ये शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती) दिलात तर अ‍ॅक्शन सर्ज परत येतो आणि आर्केन रिकव्हरीने विझर्डचा एक स्लॉटही. तेव्हा तो तास फुकट नको. कैदी सूर्यास्ताला कढईत जाणार असं आधीच सांगून ठेवा, म्हणजे थांबायचं की पुढे जायचं हे टेबलावर बसलेले ठरवतील.