कुत्र्याचं तेरावं : दुःख की थेरं?

मांजराकाठी
काल गावाच्या ग्रुपवर एकानं टाकलं, "कुत्र्याचं तेरावं घालायलेत, पण मायबापाला इचारायला सवड नाही." खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. तेरावं घालणारा मीच, म्हणून जरा लांबण लावतो.

वाघ्या अकरा वर्षांचा होता. माळेगावच्या यात्रेतून पिशवीत घालून आणलेला. शेवटचे तीन दिवस ओसरीवर पडून. पाणी पुढं केलं की जीभ लावायचा, प्यायचा नाही. अजूनबी भाकरी मोडताना कडेचा तुकडा बाजूला निघतो अन् मग हात थांबतो. फोटोला हार घातला, गल्लीतल्या पोरांना शिरा खाऊ घातला, एवढंच तेरावं. राहिली माय, तर "करून टाक रे" म्हणणारी तीच.

पोथीवाला
शिरा वाटा की. त्याला तेरावं म्हणू नका. ते माणसाचं असतं.

मांजराकाठी
खंडोबापाशी कुत्रं चालतं, तुमच्यापाशी नाही. बरं.

कोरडवाहू
दुःखाला ना नाही, पण हार घातलेला फोटो कशाला? 2022 ला लम्पीच्या साथीत आमचा लालकंधारी बैल गेला. ज्वारीची पेरणी तोंडावर. सरकारनं बैलामागं जास्तीत जास्त 25 हजार जाहीर केले, तेवढ्यात जोडीदार येतो का? आम्हाला रडायला टाईम नव्हता.

देवणीप्रेमी
अन् उरलेला? बाजार दाखवला असेल. पोळ्याला पुरणपोळी, दिवाळीला दावण मोकळी. अन् हे कुत्र्यावाल्यांना अक्कल शिकवायलेत!

कोरडवाहू
तुमच्या गोठ्यात किती आहेत ओ? शून्य. 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यापासून थकल्या बैलाला गिऱ्हाईक नाही. कडबा तुम्ही धाडणार का? 2019 च्या दुष्काळात छावणीत जनावरापाशी झोपलोय मी. तुम्ही पंख्याखाली होता.

देवणीप्रेमी
कायद्याला शिव्या देणारे विकायलाच बसलेले असतात. उत्तर द्या, विकला का नाही?

मनीचीआई
बैलबाजार दुसरीकडं भरवा, धागा वाघ्याचा आहे. माझ्या मांजरीला डॉक्टरांनी शेवटचं इंजेक्शन दिलं, कागदावर सही माझी. पेन चालेना तर मी दुसरा मागून घेतला. दीड वर्ष झालं, तो दुसरा पेन का मागितला हेच डोक्यात फिरतंय. "मांजरच होतं, दुसरं आण" म्हणणाऱ्या जावेशी मी अजून बोलत नाही.

पोथीवाला
ताई, जावेशी बोला. मांजर परत येणार नाही.

मनीचीआई
आलात का अक्कल शिकवायला!

कोरडवाहू
विकला नाही. घ्या उत्तर. जू दिसलं की आपणहून उजवीकडं सरकून उभा राहायचा, डावी जागा सोडून. कसा विकू? पुढच्या पोळ्याला खांदेमळणीला आईनं सवयीनं दोघांपुरती हळद कालवली. उरलेली तिनं तुळशीत टाकली, कुणी काही बोललं नाही.

मांजराकाठी, तुमचं ते तेरावं का काय ते, असू द्या. हार मात्र थेरंच, त्यावर मी ठाम आहे.