टिळकवाडीत घर बघण्याआधी रजिस्ट्रेशन बघा

कोल्हापूर सोडून बेळगावच्या टिळकवाडीतल्या पॉलिक्लिनिकमध्ये रुजू होण्याआधी घर शोधावं का, असं तुम्ही विचारलंत. डॉक्टर, घर मिळेल. आधी कागद हलवा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची एनओसी घेऊन कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी करायची. मूळ पदवी आणि इंटर्नशिपचे दाखले जवळ ठेवा. आधार, पासपोर्ट, पदवी यांवर नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असला की अर्ज तिथंच अडतो. पॉलिक्लिनिकचं केपीएमई प्रमाणपत्र (कर्नाटकातल्या खासगी दवाखान्यांच्या कायद्याखालची नोंदणी) चालू मुदतीचं आहे ना, हे मागून बघाच. संकोच नको. करारात ‘कन्सल्टंट’ लिहिलं असेल तर पगार नव्हे, फी धरली जाते: १० टक्के टीडीएस, पीएफ नाही.

घर हिंदवाडी किंवा भाग्यनगरला चालेल. मात्र रात्रीचा कॉल असेल तर वाटेत रेल्वे गेट येतं का, ते बघा. एमएच गाडी १२ महिन्यांपलीकडे इथं ठेवणार असाल तर पुन्हा नोंदणी करावी लागते.

खानापूर, चंदगडचे पेशंट मराठी बोलतील. बैलहोंगल, सौंदत्तीच्या आजीबाईंना मात्र कुठं दुखतं, किती दिवस, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे कन्नडमधूनच विचारावं लागतं. नर्सकडून आलेली हिस्टरी अर्धवट असते, म्हणून एवढे प्रश्न आत्तापासूनच पाठ करा.