वेताळ म्हणजे व्हँपायर नव्हे आणि दैत्य म्हणजे डीमन नव्हे

अनुवादिनी :
‘मराठीत व्हँपायरला शब्द नाही. राक्षस, दैत्य, पिशाच, वेताळ ही सगळी एकाच वाईट शक्तीची नावे आहेत. त्यांतले कोणतेही वापरावे, नाहीतर सरळ इंग्रजी शब्द ठेवावा,’ असे मध्यमपदलोपी यांनी काल लिहिले. याला दोन ओळींत उत्तर देणे मला जमेना, म्हणून हा वेगळा धागा.

दैत्य, दानव, राक्षस या जन्माने ठरणाऱ्या जाती आहेत. दितीचे ते दैत्य, दनूचे ते दानव. त्यांना आईबाप असतात, राज्ये असतात, लग्ने होतात आणि मेले की ते मरतात. भूत जन्माला येत नाही, माणूस मेल्यावर ते होते. कोण कसे मेले यावरून आपण नावेही वेगळी ठेवली : मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला तो मुंजा, बाळंतपणात गेलेली ती हडळ. वेताळाची गोष्ट निराळीच. तो प्रेतात शिरतो, पण ते प्रेत त्याचे नसते. विक्रम राजा खांद्यावर वाहतो ते शव एकाचे आणि त्यातून बोलणारा दुसराच. शिवाय तो रक्त पीत नाही, कोडी घालतो. व्हँपायर म्हणजे स्वतःच्याच देहात परत आलेला मेलेला माणूस. रिचर्ड बर्टनने १८७० साली त्या कथा इंग्रजीत नेताना शीर्षकातच वेताळाचा व्हँपायर केला आणि ती चूक आपण मराठीत परत आणून बसवली.

मध्यमपदलोपी :
माझे वाक्य आपण अर्धेच उचलले आहे. आजच्या वाचकाला हे भेद जाणवत नाहीत, असे माझे म्हणणे होते, आणि वाचक कोश उशाला घेऊन वाचत नाही.

शिवाय आपण व्हँपायरची जी व्याख्या देता ती तरी स्थिर कोठे आहे? १७२५ साली सर्बियातल्या किसिल्येवो गावच्या पेटार ब्लागोयेविच नावाच्या मृत गावकऱ्याचे थडगे उकरले गेले, त्याचा सरकारी अहवाल व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात छापून आला. प्रेत कुजलेले नाही, तोंडात ताजे रक्त, नखे नवी, असे त्यात होते. वायूने फुगलेले पोट, तोंडातून येणारा काळपट द्राव आणि कातडी आखडल्याने लांब दिसणारी नखे, हे कोणत्याही प्रेताचे होते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. मुद्दा असा की तो व्हँपायर एक फुगलेला, लालबुंद खेडूत होता. फिकट चेहऱ्याचा उमराव एकोणिसाव्या शतकातल्या कथाकारांनी घडवला. १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला भर दिवसा लंडनमध्ये हिंडतो. उन्हाने मरणे हे १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटापासूनचे. दोनशे वर्षांत त्या शब्दाने एवढी वळणे घेतली, तर वेताळानेच जागचे हलू नये, असा हट्ट का?

अनुवादिनी :
कारण वेताळ रिकामा बसलेला नाही! माझ्या एका अनुवादात प्रकाशकांनी मला न विचारता प्रत्येक ‘व्हँपायर’च्या जागी ‘वेताळ’ घातला. पुस्तक निघाल्यावर गोव्यातल्या एका वाचकांचे हाताने लिहिलेले पत्र आले. वेताळ त्यांच्या गावचा राखणदार देव. ‘आमच्या देवाला आपण मुलींच्या मानेचे रक्त पाजलेत, हे कशासाठी?’ एवढेच त्यांनी विचारले होते. मुखपृष्ठावर नाव माझे होते. ते पत्र अजून माझ्या खणात आहे आणि त्याला काय उत्तर लिहावे हे मला कधी सुचले नाही.

शिवारातून :
आपण दोघेही रक्ताचे पाहता आहात, पण खरा अन्याय ‘डीमन’ या शब्दाने केला आहे. माझ्या मुलीच्या इंग्रजी पुस्तकात बळीराजाची गोष्ट होती आणि पहिल्याच ओळीत त्याला ‘डीमन किंग’ म्हटले होते. तिने मला विचारले, ‘मग आजी ओवाळताना सैतानाचे राज्य येवो असे का म्हणते?’ इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो, हे माझी आई जन्मभर मनापासून म्हणत आली आहे. बळी दैत्य, त्याचा आजोबा प्रल्हाद दैत्य. दोघांनाही सैतानाच्या रांगेत कोणी आणि कोणत्या अधिकाराने बसवले, याचे उत्तर मला हवे आहे.

पूर्वदेव :
उत्तर माझ्या टोपणनावातच आहे. अमरकोशात असुरांच्या पर्यायांत ‘पूर्वदेव’ हा शब्द दिला आहे, म्हणजे पूर्वीचे देव. ऋग्वेदात वरुणालाही असुर म्हटले आहे. पलीकडे पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात ‘अहुर’ हा परमेश्वर आणि ‘दएव’ हे दुष्ट, म्हणजे शब्द तेच आणि मान नेमका उलटा. रामायणाच्या उत्तरकांडात तर पाण्याचे रक्षण करू, ‘रक्षाम’, असे म्हणाले ते राक्षस झाले, अशी कथा येते. ग्रीक ‘दायमोन’ही मुळात वाईट नव्हता, सॉक्रेटिसला चुकीच्या पावलापासून थांबवणारा आतला आवाज त्याच शब्दापासून ओळखला जाई. पुढे नव्या ख्रिस्ती धर्माने जुन्या दैवतांना तेच नाव शिवीसारखे लावले.

मध्यमपदलोपी :
हा धागा व्हँपायरवर होता. बळीराजावर माझा राग नाही, पण प्रत्येक चर्चा ओढून आपल्याच बांधावर नेण्याची ही सवय आता पुरे.

शिवारातून :
बांध आमचाच उकरला गेला आहे, म्हणून बोलतो. आपल्याला जो शब्द वाचनाच्या करमणुकीपुरता लागतो, तो माझ्या घरात आशीर्वादात येतो. ‘कोणतेही वापरा’ हे आपले दोन शब्द मागे घ्या, मी गप्प बसतो.

साक्ष :
अनुवादिनीताई, भूत म्हणजे मेलेला माणूस, हे आपले विधानही पुरे पडत नाही. मराठी बायबलमध्ये येशू ज्यांना बरे करतो ते ‘भूतग्रस्त’ आहेत, आणि तिथली भुते म्हणजे कोणाचे मेलेले नातेवाईक नव्हेत. लहानपणी उपासनेत हा शब्द ऐकला की मला अंगणातल्या झाडावरचा मुंजा दिसे; तो डुकरांच्या कळपात का शिरतो, हे मला कित्येक वर्षे कळले नव्हते. पुढे पसायदान शिकले, तर तिथे ‘भूतां परस्परें जडो मैत्र’ आणि त्यात भूत म्हणजे अवघे प्राणिमात्र.

अनुवादिनी :
साक्षताई, हे मान्य करावे लागते, जरी माझी मांडणी त्याने विस्कटते. ‘भूतप्रेतसमंधादि’ म्हणताना रामदासांना तीन वेगळे प्रकार दिसत होते, एवढाच आधार मी धरून ठेवते. शिवारातून यांचेही बरोबर आहे. ‘डीमन’साठी दैत्य किंवा असुर मी यापुढे लिहिणार नाही.

मध्यमपदलोपी :
ठीक आहे, ‘कोणतेही वापरा’ मागे घेतो. गोव्याच्या पत्रानंतर वेताळही सोडतो, पण मनापासून नाही. मात्र ‘पिशाच’ला आपली हरकत काय? पिशित म्हणजे मांस, ते खाणारा तो पिशाच, अशी त्याची फोड सांगतात. रक्त तिथून फार दूर नाही.

अनुवादिनी :
तोच शब्द मी आधी घेतला होता. पण सध्या ज्या कथेवर काम चालू आहे तिच्यात एक वाक्य आहे : शवपेटीचे झाकण आतून सरकते आणि मातीने भरलेली नखे कडेवर दिसतात. तिथे ‘पिशाच’ लिहिले की ती नखे नाहीशी होतात. मराठी कानाला पिशाच झपाटते, अंगात येते, धरते. त्याला स्वतःचे वजन नसते. इथे तर झाकण ढकलायला कोपर हवे. म्हणून निवेदनात मी ‘व्हँपायर’ ठेवला आणि गावकऱ्यांच्या तोंडी ‘मेलेला उठला’ एवढेच दिले.

मध्यमपदलोपी :
म्हणजे शेवटी आपण इंग्रजी शब्दच ठेवलात. मी काल याहून वेगळे काय सांगितले होते?

पूर्वदेव :
तो इंग्रजी नाही, सर्बियन आहे. इंग्रजांनीही तो उसनाच घेतला.