मदत हवी आहे: कार्बन डायऑक्साइड जोडायचा आणि लगेच काढायचा, हे कशासाठी?

मेदाम्लांच्या (फॅटी अ‍ॅसिड) जैवसंश्लेषणात, म्हणजे पेशीत ती तयार होण्याच्या प्रक्रियेत, एका पायरीवर अडलोय, जाणकारांनी कृपया उलगडून सांगा.

पामिटिक आम्लाचे 16 कार्बन 8 असिटिल कोएन्झाइम-ए रेणूंपासून (प्रत्येकात दोन कार्बनचा असिटिल गट) येतात, हे कळलं. पण पहिला सोडला तर उरलेले 7 थेट जोडलेच जात नाहीत. प्रत्येकाला आधी कार्बन डायऑक्साइड चिकटवून मॅलोनिल कोएन्झाइम-ए करायचं, त्यापायी एक एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चायचा, आणि साखळीला जोडताना तोच कार्बन डायऑक्साइड बाहेर! त्याचा कार्बन तयार मेदाम्लात उरतच नाही. पेशी एवढा द्राविडी प्राणायाम उगाच करणार नाही.

माझी समजूत अशी, की दोन असिटिल गट नुसते जोडणं ऊर्जेच्या दृष्टीने परवडत नाही. कार्बन डायऑक्साइड सुटला की अभिक्रिया पुढे ढकलली जाते. बरोबर आहे का? मग मेदाम्ल तोडतानाची शेवटची पायरीच उलटी फिरवून एटीपी दुसरीकडे का खर्चला जात नाही?

एका पामिटिक आम्लामागे 7 एटीपी, 14 एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) हा हिशेब पाठ आहे. मला रासायनिक कारण हवंय. मॅलोनिलमधला मधला कार्बन नेमका कसा हल्ला करतो, इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात, एवढं कुणी सांगेल का?