सोलरवर ३०% आयकर परत मिळतो का?

प्रश्न (खारघर): रो-हाउसवर ३ किलोवॉट बसवायचंय. विक्रेता म्हणतो, खर्चाच्या ३०% आयकरातून वळते होतील, वर ७८,००० सबसिडी. खरं का?

उत्तर: ३०% ची सवलत अमेरिकेतली, आणि ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला तिथेही ती बंद झाली. आपल्याकडे घरगुती सोलरला आयकरात वजावट नाही. विक्रेते ४०% घसारा (वस्तूची किंमत दरवर्षी घटते म्हणून नफ्यातून मिळणारी वजावट) दाखवतील, पण तो धंद्याच्या हिशोबात चालतो, राहत्या घराला नाही. कोटेशनमधली ती ओळ खोडून घ्या.

उत्तर: ७८,००० मात्र खरे. पीएम सूर्यघर या केंद्राच्या घरगुती सोलर योजनेत १ किलोवॉटला ३०,०००, २ ला ६०,०००, ३ ला ७८,०००, आणि पुढे ५ घेतलेत तरी तेवढेच. काहीजण ७८,००० ला ३ ने भागून 'किलोवॉटला २६,०००' असा गुणाकार करून मोठी सिस्टीम गळ्यात मारतात. पैसे नेट मीटर (घेतलेली आणि ग्रीडला दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) लागल्यावर ग्राहकाच्या खात्यात येतात, तोवर पूर्ण रक्कम तुमच्याच खिशातून किंवा कर्जातून. पॅनेल डीसीआर हवेत, म्हणजे आतले सेलही भारतात बनलेले. स्वस्तात दुसरे लावले की सबसिडी अडते. बिलावर 'डीसीआर' लिहून घ्या, आणि पॅनेल छतावर चढण्याआधी प्रत्येकाचा अनुक्रमांक बिलाशी ताडून बघा. नंतर मागची बाजू दिसत नाही.

उत्तर (ठाणे): सोसायटीच्या लिफ्ट-पंपासाठी सबसिडीचा दर वेगळा, किलोवॉटला १८,०००.